मदत हवी आहे: दगडी कौलांच्या छपराचा छेद (उभा कापून आतली रचना दाखवणारं चित्र) कसा काढायचा?

नमस्कार मंडळी, जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करणारं कोणी आहे का इथे? कॉलेजच्या सबमिशनसाठी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या केल्मस्कॉट मॅनर या जुन्या घराच्या छपराचा छेद काढतेय. नावात मॅनर (म्हणजे जमीनदाराचा वाडा) असलं तरी मुळात ते शेतकऱ्याचंच घर, सुमारे १६०० सालचं. १८७१ मध्ये इंग्लिश कवी-डिझायनर विल्यम मॉरिसने भाड्याने घेतलं म्हणून गाजलं. भिंती चुनखडीच्या, कौलंही दगडाचीच: वळचणीला चांगली मोठी, आढ्याकडे लहान लहान होत गेलेली. अशी कौलं ओकच्या खुंटीने रिपेवर (छपरावरच्या आडव्या लाकडी पट्टीवर) अडकवतात, इथवर कळलं. पण दर ओळीत लांबी बदलते, मग दोन रिपांमधलं अंतर कशावरून धरायचं? मंगलोरी कौलांचं गणित इथे चालत नाही (ती सगळी एका मापाची!). कोणाकडे हाताने काढलेला छेद असेल तर प्लीज टाका.