शेक घेऊनसुद्धा गाठ परत का येते? कॅन्सर स्टेम सेलची भानगड कोणी समजावून सांगेल का

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. माझ्या मामांना (वय ५८) मेंदूत ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा कॅन्सर, निघाला. ऑपरेशन झालं, सर्जन म्हणाले दिसत होती तेवढी सगळी काढली. मग ३० शेक (रेडिएशन), सोमवार ते शुक्रवार असे सहा आठवडे, आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. मामा तसे खमके, शेक देताना तोंडावर तो जाळीचा मास्क लावून टेबलाला अडकवतात ना, त्याला ते शिरस्त्राण म्हणायचे. आता एमआरआय झाला आणि मामेभाऊ म्हणतोय की त्याच जागेवर परत काहीतरी चमकतंय. घरात सगळ्यांचं अवसानच गळालंय.

भावाने कुठेतरी वाचलं की कॅन्सरमध्ये स्टेम सेल असतात आणि त्या शेकाने मरतच नाहीत. हे खरं असेल तर मग दीड महिना त्यांना एवढं दमवलं कशाला? आणि दुसरीकडे एका ओळखीच्याने फॉरवर्ड पाठवलाय की स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन कॅन्सर बरा करतात. एकीकडे स्टेम सेल वाईट, दुसरीकडे तेच औषध?? डोकं चालेनासं झालंय.

लॅबमधला उंदीर:
मी डॉक्टर नाही, रेडिओबायोलॉजीत (रेडिएशनचा पेशींवर काय परिणाम होतो त्याचा अभ्यास) पीएचडी करतोय, त्यामुळे उपचाराचं डॉक्टरांनाच विचारा, मी फक्त विज्ञानाचं सांगतो.

आधी ते इंजेक्शन डोक्यातून काढून टाका. त्याचा आणि याचा काही संबंध नाही, नुसतं नाव सारखं. रक्ताच्या आजारांत बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात, त्यात निरोगी स्टेम सेल देतात, तो खरा उपचार आहे, पण मेंदूच्या गाठीवर स्टेम सेल टोचून ती बरी होते असं कुणीही सिद्ध केलेलं नाही.

आता तुमचा मुद्दा. गाठीतल्या सगळ्या पेशी एकसारख्या नसतात. थोड्याच पेशी अशा असतात की ज्या एकट्यादुकट्या उरल्या तरी अख्खी गाठ पुन्हा उभी करतात, त्यांना कॅन्सर स्टेम सेल म्हणतात. २००४ मध्ये टोरंटोच्या पीटर डर्क्स यांच्या टीमने माणसाच्या ब्रेन ट्यूमरमधून सीडी१३३ नावाची खूण असलेल्या पेशी वेगळ्या केल्या. तसल्या १०० पेशी उंदराच्या मेंदूत सोडल्या तर गाठ झाली, खूण नसलेल्या ५० हजार ते १ लाख सोडल्या तरी झाली नाही. मग २००६ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जेरेमी रिच यांच्या टीमने ग्लायोब्लास्टोमावर रेडिएशन देऊन बघितलं तर नंतर उरलेल्यांत सीडी१३३ वाल्यांचं प्रमाण वाढलेलं. गंमत म्हणजे डीएनए सुरुवातीला दोघांचाही तुटत होता, पण या पेशी चेक१ आणि चेक२ ही प्रथिनं जोरात कामाला लावून, पेशीचं विभाजन थांबवून, तुटलेलं पटापट शिवून घेत होत्या. समुद्रातल्या स्पंजात सापडणाऱ्या एका रसायनाने ती प्रथिनं अडवली तेव्हा याच पेशी शेकाला बळी पडायला लागल्या. अर्थात हे लॅबमध्ये आणि उंदरांत, पेशंटमध्ये नाही.

म्हणजे "मरतच नाहीत" हे चूक, मरतात, पण चिवट आहेत.

उसाचा मळा:
आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला हे लव्हाळ्यासारखं वाटतं बघा. वरनं औषध मारलं की आठ दिवसात रान पिवळं, माणूस खूश, आणि पाऊस पडला की खालच्या गाठीतनं परत हिरवंगार. माझ्या बायकोला छातीचा होता तेव्हा डॉक्टरांना मी हेच बोललो तर ते हसले, म्हणाले काका अगदी बरोबर. तिला आता सहा वर्षं झाली, चांगली आहे. शेक फुकट जात नाही भाऊ.

लॅबमधला उंदीर:
काका उदाहरण भारी आहे, पण एका ठिकाणी फसतं. लव्हाळ्याचं पान कापलं तर त्या पानापासून खाली गाठ होत नाही, इथे होऊ शकते. साधी कॅन्सरची पेशीसुद्धा परिस्थिती बघून परत स्टेम सेलसारखी वागायला लागते. म्हणून "मुळं तेवढी मारा, झालं" असं जे पेपरात छापून येतं त्यावर माझा तरी फार विश्वास नाही. सीडी१३३ ही खूणही पक्की नाही, ती नसलेल्या पेशींनी गाठ केल्याचंही नंतर दिसलंय.

आणि चिवटपणाची कारणंही बरीच आहेत. एक्स-रे बरंचसं नुकसान थेट करत नाहीत, पेशीतल्या पाण्यापासून फ्री रॅडिकल तयार होतात आणि ते डीएनए तोडतात. २००९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरमध्ये दिसलं की तिथल्या स्टेम सेलमध्ये हे रॅडिकल निपटून टाकणारी यंत्रणाच जास्त असते. शिवाय ऑक्सिजन. भरपूर ऑक्सिजन असलेल्या पेशीला मारायला जेवढा डोस लागतो त्याच्या अडीच-तीन पट डोस ऑक्सिजन नसलेल्या पेशीला लागतो, आणि ग्लायोब्लास्टोमात असे कोंदट कोपरे खूप असतात, या पेशी तिथेही दबा धरून बसतात.

मशीनवाली ताई:
मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे, मास्क लावणाऱ्यांतलीच एक. शिरस्त्राण वाचून हसू आलं, मामांना सांगा आमच्याकडे आता हेच नाव चालू करते.

"मग डोस का वाढवत नाहीत" हे रोज कोणीतरी विचारतं. रोज २ ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) असे ३० वेळा म्हणजे ६० ग्रे. त्याच्या वर गेलं की बाजूचा चांगला मेंदू जळायला लागतो, आणि गाठीपुरता जादा डोस देऊन केलेल्या ट्रायलमध्येही आयुष्य काही वाढलं नाही. थोडं थोडं रोज देण्यामागेही हेच, चांगल्या पेशींना रात्रीत सावरायला वेळ मिळतो. हा आजार परत येतो तेव्हाही बहुतेक वेळा मूळ जागेपासून दोन सेंटीमीटरच्या आतच येतो, म्हणजे जिथे पूर्ण डोस पडला तिथेच. उंदीरदादा म्हणतायत ते त्यामुळेच पटतं.

दमवलं कशाला याचं उत्तर आकड्यात आहे. २००५ च्या ज्या ट्रायलवरून हे शेक अधिक गोळ्या जगभर सुरू झालं, त्यात दोन वर्षांनी नुसत्या शेकवाल्यांपैकी १०.४ टक्के हयात होते आणि शेक अधिक गोळीवाल्यांपैकी २६.५ टक्के. आकडे छोटेच आहेत, गोड बोलत नाही.

पण ताई/दादा जे कोण असाल, मला एक सांगा. शेवटचा शेक आणि हा एमआरआय यांत किती दिवस गेले? आणि रिपोर्टमध्ये नेमके शब्द काय आहेत, भाऊ म्हणतो ते नको.

कृष्णाकाठ:
दादाच आहे. आत्ता भावाकडून फोटो मागवला. शेक संपून पाच आठवडे. शेवटच्या ओळीत लिहिलंय "रिकरन्स (म्हणजे परत आलेली गाठ) किंवा स्यूडोप्रोग्रेशन", आणि पुढे "दोन महिन्यांनी परफ्युजनसह (रक्तपुरवठा दाखवणारा) परत एमआरआय". भावाने त्यातला पहिलाच शब्द वाचला वाटतं.

मशीनवाली ताई:
वाटलंच. शेक संपल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत त्या जागी सूज येते, मेलेल्या पेशींचा कचरा असतो, आणि एमआरआयवर ते गाठीसारखंच चमकतं. त्यालाच स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. एका फोटोवरून फरक कळत नाही म्हणून थांबून परत काढतात. खरंच परत आली असेल असंही होऊ शकतं, मी नाही म्हणत नाही, पण आजच्या रिपोर्टवर तसं ठरलेलं नाही.

पुढच्या वेळी जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा, बायोप्सीत एमजीएमटी मिथायलेशन बघितलं होतं का आणि आयडीएच (गाठीतल्या एका जीनची तपासणी) काय आलं. एमजीएमटी हे डीएनए दुरुस्त करणारंच एक प्रथिन, मिथायलेशन असलं की ते बंद असतं, आणि ते बंद असेल तर टेमोझोलोमाइड जास्त लागू पडतं, आणि हे खोटं चमकणंही अशाच पेशंटमध्ये जास्त दिसतं. मधल्या काळात डोकेदुखी वाढली, उलट्या, फिट, हातपाय लुळे असं काही झालं तर दोन महिने वाट बघू नका, लगेच न्या. स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका.

कृष्णाकाठ:
फाईलमध्ये सापडलं, "एमजीएमटी मिथायलेटेड" असं आहे. आयडीएचचं पान मामीकडे आहे, रात्री बघतो. इंजेक्शनवाल्याला ब्लॉक केलंय. मामांना आत्ताच फोन केला तर म्हणाले काय चमकतंय ते चमकू दे, तू रविवारी येताना भडंग आण.

उसाचा मळा:
भडंग आमच्याकडनं घेऊन जा की, रस्त्यावरच आहे घर.