मदत हवी आहे: हायब्रिड गाडीची बॅटरी तपासणारा मेकॅनिक, इंदूर

नमस्कार मंडळी. बाबांची हायब्रिड गाडी ९ वर्षांची आहे. राजवाड्याच्या गर्दीत मागच्या सीटखालचा बॅटरीचा पंखा जोरात घोंघावतो आणि परवा हायब्रिड सिस्टीमचा दिवाही लागला. सीटजवळची हवेची जाळी धुळीने गच्च होती, ती साफ केली. पुढे हात लावला नाही. आतली नारिंगी केबल म्हणजे धोकादायक हाय व्होल्टेजचा मामला, आणि सर्व्हिस प्लग (बॅटरीचा जोड तोडणारा प्लग) काढला तरी कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) काही मिनिटं चार्ज राहतो.

सर्व्हिस सेंटरवाले काहीच न मोजता अख्खा पॅक बदला म्हणतात. मला ते पटत नाही. पॅक अनेक छोट्या बॅटऱ्यांचा, म्हणजे मॉड्यूलचा, बनलेला असतो; त्यातलं एखादंच मॉड्यूल कमजोर असेल तर?

इंदुरात प्रत्येक मॉड्यूलचं व्होल्टेज लोड देऊन (बॅटरीवर भार टाकून) मोजून दाखवणारा, इन्सुलेटेड हातमोजे घालूनच काम करणारा मेकॅनिक कोणाच्या अनुभवातला आहे का? बाबांना दर गुरुवारी दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून घाई आहे.