मदत हवी आहे : यशपाल सरांची जुनी कॅसेट

नमस्कार मंडळी, सांगली-मिरजेत जुनी व्हीएचएस कॅसेट पेन ड्राइव्हवर करून देणारं भरवशाचं कुणी आहे का?

२४ ऑक्टोबर १९९५. ऐन दिवाळीतलं सूर्यग्रहण. आपल्याकडे ते खंडग्रासच होतं, पण दूरदर्शनवर प्रा. यशपाल खग्रास ग्रहण थेट समजावून सांगत होते. आजीने पाण्याच्या हंड्यावर तुळशीपत्र ठेवून दारं लावून घेतली होती, आणि बाबांनी शेजारच्यांचा व्हीसीआर आणून ते सगळं टेप केलं. दूरदर्शनवरच्या ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञानमालिकेमुळे सर आमच्या घरचेच झाले होते. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांवर (कॉस्मिक रेज) संशोधन केलेला एवढा मोठा माणूस, पण प्रेक्षकांच्या साध्यासुध्या प्रश्नालाही किती मायेने उत्तर द्यायचे! जुलै २०१७ मध्ये सर गेले, त्या दिवशी बाबा जेवलेच नाहीत.

आता टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसतेय. तशीच लावली तर ती व्हीसीआरच्या हेडला चिकटते, म्हणून लावलेली नाही. एका दुकानात तर न बघताच ‘टाकून द्या’ म्हणाले; फार वाईट वाटलं. आधी बुरशी साफ करून देणारं कुणी असेल तर कराड-साताऱ्यापर्यंतही येईन. २६ नोव्हेंबरला, सरांच्या जन्मदिवशी, बाबांना दाखवायचंय. कुणाकडे ‘टर्निंग पॉइंट’चे भाग टेप केलेले असतील तर तेही कृपया कळवा.