टाऊनलँडला मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम: एका आयरिश घराण्याच्या आठवणींचा अनुवाद करतेय आणि पहिल्याच ओळीत अडकले. पणजोबा 'किलमोर नावाच्या टाऊनलँडात' जन्मले. टाऊनलँड म्हणजे शहर नाही, खेडंही नाही. ठरलेल्या हद्दीचा, स्वतःचं नाव असलेला जमिनीचा तुकडा. आयर्लंडभर असे ६०,०००हून जास्त आहेत. मी 'वाडी' लिहिलं, संपादकांनी 'नगरभूमी' केलं. शिवाय किलमोर म्हणजे काय? 'मोर' म्हणजे मोठं, एवढंच कळलंय.

कोयंडा: नगरभूमी! पणजोबा नगरसेवक होते काय? 'किल'ची गंमत अशी, आयरिशमध्ये चर्चला आणि रानाला दोन वेगळे शब्द आहेत, उच्चार जवळपासचे. इंग्रजी अक्षरांत दोघांचंही 'किल' होऊन बसलं. किल्डेअर हे ओकवृक्षाचं चर्च. गॉलवेतल्या कायलमोरचं मात्र मोठं रान. किलमोर तर जागोजागी आहेत. तुमचं कुठल्या काउंटीतलं?

घाटावरची: वाडीच ठेवा ताई. वाडीचं मूळ संस्कृत 'वाट', म्हणजे कुंपण घातलेली जागा. इंग्रजी टाऊनचा जुना अर्थही तोच. सख्ख्या बहिणी!

तलाठ्याचा नातू: असतील. पण वाडी म्हटलं की चार घरं, एक पार आणि दोन भांडणं आली. टाऊनलँडात एकही घर नसलं तरी चालतं. सरळ 'मौजे' लिहा.

घाटावरची: मौजे अरबी आहे, फारसीतून आलेला.

तलाठ्याचा नातू: मग तालुका, जिल्हा, जमीन सगळंच काढा. बघू काय उरतं.

कोयंडा: नावं बिघडली कशी तेही ऐका. १८२४ पासून इंग्रजांच्या ऑर्डनन्स सर्व्हेनं अख्खं बेट मोजलं. जॉन ओडोनोव्हन हा आयरिशचा पंडित गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून नावं ऐकत फिरला. मूळ रूपं त्यानं टिपली, पण नकाशावर चढली ती इंग्रजी वळणाची. आपल्या शीवचं सायन झालं, तसंच. तेही हद्दीचंच नाव, बघा!

अर्धविराम: काउंटी दिलेलीच नाही हो. पुढे एवढंच येतं की १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात तिथं कुणी उरलं नाही. नाव तेवढं नकाशावर.

तलाठ्याचा नातू: मग शब्द तयारच आहे, 'बेचिराग मौजे'. वस्ती उठलेल्या गावाला आजोबा हेच म्हणायचे.

घाटावरची: बेचिराख म्हणायचंय का?

तलाठ्याचा नातू: बेचिराग. जिथं चिराग, म्हणजे दिवा, लागत नाही ते. राख आपण मागाहून कालवली.

घाटावरची: आमची आजी धरणाखाली गेलेल्या माहेराला बेचिराखच म्हणायची. पाण्यात बुडालेल्या गावाची राख कशी, हे मात्र आत्ता डोक्यात आलं.

कोयंडा: चार लोक म्हणतात तो शब्द. राख रुजली, आता फुंकून जायची नाही.

तलाठ्याचा नातू: चार लोक चुकतात तेव्हा?

अर्धविराम: अहो, पण किलमोरचं चर्च की रान?

घाटावरची: थांबा हो ताई. मला आधी सांगा, 'राखरांगोळी'तली राख तरी खरी ना?