व्हिडिओ बंद झाला, पण आदेशाची प्रत कोणीच देत नाही. हे कायद्याला धरून आहे का?

सांजवारा:
मी गेली चार वर्षे धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावर मराठीत व्हिडिओ करते आहे. त्यांत मी स्वतः थोडेच बोलते. माणसे आपली हकीकत सांगतात आणि मी सातबारा, निवाड्याच्या प्रती, शासन निर्णय असे कागद दाखवते. गेल्या महिन्यात अशाच एका चौदा मिनिटांच्या व्हिडिओच्या जागी काळी चौकट दिसू लागली. तिच्यात एवढेच लिहिले होते, की शासनाच्या आदेशामुळे हा व्हिडिओ या देशात पाहता येणार नाही. कंपनीकडून आलेल्या ईमेलमध्ये ‘कायदेशीर मागणी’ असा मोघम उल्लेख होता. कोणत्या खात्याने, कोणत्या कलमाखाली आणि व्हिडिओतल्या कोणत्या विधानाबद्दल तक्रार केली, याचा त्यात मागमूस नव्हता. मी दोनदा विचारले; दोन्ही वेळा तोच साचेबंद मजकूर परत आला.

माझे काही चुकले असेल तर ते दुरुस्त करून जाहीरपणे सांगायची माझी तयारी आहे, पण चूक कोणती हेच कळले नाही तर दुरुस्त काय करायचे? याहून मला जास्त लागले ते पुढचे. नव्या व्हिडिओतून मी एका आजींची दोन वाक्ये स्वतःच्या हाताने काढून टाकली. ती खोटी नव्हती. मागच्या वेळी कदाचित असेच काही खटकले असेल, एवढ्याच धास्तीने मी ती कापली. अशा वेळी आदेशाची प्रत मागण्याचा हक्क मला आहे का?

तळटीप:
हक्क आहे, मात्र तो सहजासहजी पदरात पडत नाही. आधी हे पाहावे लागेल, की तुमचा व्हिडिओ दोन वाटांपैकी कोणत्या वाटेने गेला.

पहिली वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ ची. देशाची सार्वभौमता व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी, एवढ्याच कारणांसाठी केंद्र सरकार या कलमाखाली मजकूर बंद करू शकते. २००९ च्या नियमांप्रमाणे एरवी आधी नोटीस द्यावी लागते आणि उत्तराला किमान ४८ तास मिळतात. तातडीच्या प्रसंगी आधी बंदी आणि मग समितीपुढे विचार, असा क्रम असतो. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारे कलम ६६-अ रद्द केले आणि ६९-अ कायम ठेवले, हे बहुतेकांना ठाऊक असते. ते कायम ठेवताना न्यायालयाने ज्या संरक्षणांवर भिस्त ठेवली, त्यांचा मात्र लोकांना विसर पडतो: कारणे लेखी हवीत, म्हणजे त्यांना रिट याचिकेत आव्हान देता येईल, आणि मजकुराचा कर्ता ओळखता येत असेल तर त्याचेही म्हणणे ऐकले पाहिजे. अडचण येते ती नियम १६ मुळे. तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गोपनीय ठेवावी, असे तो सांगतो, आणि त्याचाच आधार घेऊन माहिती अधिकारातले अर्ज फेटाळले जातात.

दुसरी वाट कलम ७९(३)(ब) ची. लोकांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर येऊ नये, असे संरक्षण कलम ७९ देते. सरकारने कळवूनही मजकूर हटवला नाही तर ते जाते. साहजिकच कंपनी हटवून मोकळी होते, कारण तुमच्या चौदा मिनिटांसाठी कोर्टाची पायरी चढण्यात तिचा काही लाभ नाही. कंपन्यांना अशा सूचना पाठवण्याचे केंद्रीय गृह मंत्रालयाचे ‘सहयोग’ पोर्टल याच वाटेचे आहे. त्याविरुद्ध एक्स कंपनीने केलेली याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. नोव्हेंबर २०२५ पासून अशी सूचना सहसचिव किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने (तसा अधिकारी नसेल तिथे संचालक दर्जाच्या), आणि पोलिसांच्या बाबतीत खास नेमलेल्या उपमहानिरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने, कायद्याचा आधार नमूद करून द्यायची आहे. तुमच्या व्हिडिओबद्दलची सूचना त्यानंतरची असेल, तर कारण लिहिलेला कागद कोणाच्या तरी टेबलावर असलाच पाहिजे.

किनारा:
सांजवारा यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे, तरीही दुसरी बाजू मांडणे मला गरजेचे वाटते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. ती अफवा मोबाइलवरूनच फिरत होती. अशा वेळी नोटीस, सुनावणी आणि उत्तराची मुदत यांत दोन दिवस गेले तर जीव जातात. सरकारच्या हाती तातडीचा अधिकार नसावा, असे म्हणणाऱ्यांनी त्या पाच घरांचा विचार करावा.

ओलेती शाई:
किनारा यांचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. पण राईनपाड्याची अफवा खासगी निरोपांतून एकाकडून दुसऱ्याकडे जात होती. एखादे पान किंवा व्हिडिओ बंद करण्याचा आदेश तिला गाठू शकला नसता. तिथे गरज होती ती वेळेवर पोहोचणाऱ्या पोलिसांची आणि गावोगाव खरी माहिती देणाऱ्या यंत्रणेची. शिवाय तातडी आणि गुप्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तातडीने बंदी घाला. पण धोका ओसरल्यावर ज्याचा मजकूर काढला त्याला कारण सांगायला कोणाची हरकत असावी? इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात जानेवारी २०२० मध्येच बजावले आहे. अख्ख्या प्रदेशाचे इंटरनेट तोडण्याचा आदेश उघड करता येतो, तर एका व्हिडिओचा का नाही?

मला राहून राहून १९०८ चा खटला आठवतो. ‘केसरी’तल्या लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा आरोप झाला, आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा घोर अन्यायाचीच होती. तरीही कोणते लेख आक्षेपार्ह, कोणते कलम, हे आरोपपत्रात लिहिलेले होते, आणि टिळक मुंबईच्या उच्च न्यायालयात उघडपणे जवळपास एकवीस तास स्वतःची बाजू मांडू शकले. परकीय सरकारनेही आरोपीपासून आरोप लपवला नव्हता. संविधानाच्या १९(१)(अ) अनुच्छेदाने ज्यांना अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे, त्यांना आज एका ओळीची काळी चौकट मिळते, हे माझ्या मनाला फार लागते.

दुसरे असे की, कोणता मजकूर खोटा हे सरकारनेच ठरवायचे ठरले तर सरकारवरची टीकाच आधी खोटी ठरेल, ही भीती काल्पनिक नाही. केंद्राच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे, हे ठरवणारा सरकारी तथ्य-तपासणी कक्ष नेमण्याची तरतूद २०२३ मध्ये नियमांत आली होती. आधी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, मग तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

तळटीप:
आता सांजवारा यांनी काय करावे ते सांगतो. कंपनीचे सर्व ईमेल तारखेसह जपून ठेवा आणि व्हिडिओची मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला तीनच गोष्टी विचारा: कलम कोणते, सूचना देणारे कार्यालय कोणते, तारीख कोणती. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येते. कलम ६९-अ असल्याचे कळले तर केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे प्रत आणि सुनावणी, दोन्ही मागा. अर्जात दिल्ली उच्च न्यायालयाच्या मे २०२२ च्या आदेशाचा दाखला द्या: हुंड्याच्या प्रथेवर उपरोधिक टीका करणारे एक संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद केले गेले होते, आणि त्याच्या कर्त्याला बंदीच्या आदेशाची प्रत व सुनावणी द्यावी, असे न्यायालयाने फर्मावले होते. दाद लागली नाहीच, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका करता येते.

सांजवारा:
सर्वांचे मनापासून आभार. तीन प्रश्नांचा ईमेल काल पाठवला आणि आज पहिल्यांदाच वेगळे उत्तर आले: कलम ७९(३)(ब). कार्यालयाचे नाव आणि तारीख अजून सांगितलेली नाही, म्हणून तेवढ्यासाठी पुन्हा लिहिले आहे.

किनारा, राईनपाड्याचा विचार मी करतेच. म्हणूनच कागद हाती असल्याशिवाय मी कोणाचे विधान दाखवत नाही. आजींची कापलेली वाक्ये ही होती: “आम्हाला मिळालेली जमीन कागदावर बागायती आहे. तिथल्या विहिरीला मार्गशीर्षातच तळ दिसतो.” जमिनीचा उतारा माझ्याजवळ आहे आणि विहिरीचे चित्रण मी स्वतः केले आहे. काल आजींना फोन करून विचारले, की हे ठेवू ना? त्या म्हणाल्या, “बाई, मी ते सांगण्यासाठीच तर बसले होते.” वाक्ये परत जागेवर घातली आहेत.