मदत हवी आहे: हॉटेलातलं तेल आणि कागदी कप गटारात जाऊ नयेत म्हणून काय करू?

नमस्कार मंडळी. म्हापशात आमचं भाजीपाव आणि भज्यांचं छोटं हॉटेल आहे. परवाच्या पावसात मागचं गटार तुंबलं. झाकण उचललं तर आत चेपलेले कागदी कप, सॉसच्या पुड्या आणि वर साबणाच्या वडीसारखा घट्ट झालेला तेलकट थर. त्यातले बरेचसे कप आमचेच होते. हे पाणी तार नदीत जातं, तिथून मांडवीत. फार वाईट वाटलं.

१ जुलै २०२२ ला एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली तेव्हाच प्लास्टिकचे चमचे आणि स्ट्रॉ बंद केले. पण कागदी कपालाही आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, हे मला उशिरा कळलं. आता बसून पिणाऱ्यांना काचेच्या ग्लासातच चहा देतो. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत पार्सलवाल्यांचं काय करायचं? स्टीलचे ग्लास अनामत घेऊन कोणी देतं का? ते परत येतात का?

दुसरं, तळणीचं तेल. पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही असा नियम आहे, आणि अशा तेलापासून बायोडिझेल होतं. आमचं आठवड्याला जेमतेम पाच-सहा लिटर निघतं. एवढ्यासाठी आमच्या बार्देश तालुक्यात कोणी येतं का, की शेजारच्या चार हॉटेलांनी मिळून कॅन भरावा?

मोरीखाली ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी पेटी) बसवलेल्यांनी खर्च आणि तो किती दिवसांनी साफ करावा लागतो, तेही कृपया सांगा.