प्रत्येक शिक्षकाला पंधरा मुले : हे गणित कोणत्या शाळेत बसते?

खडूफळा

परवा बाणेरकर यांनी येथे लिहिले की, पुण्यातल्या सर्व माध्यमिक शाळांनी अमेरिकेतल्या हायस्कुलांप्रमाणे मार्गदर्शन-गट सुरू करावेत. प्रत्येक शिक्षकाकडे पंधरा मुले, त्यांच्याशी रोज वीस मिनिटे बोलणे, पाचवीपासून दहावीपर्यंत तोच शिक्षक. आणि ‘एवढेही जमत नसेल तर शिक्षक पगार कशाचा घेतात?’ हे शेवटचे वाक्य नसते तर मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो.

आमची शाळा अनुदानित आहे, पेठेतली आहे आणि दोन सत्रांत भरते. संचमान्यतेच्या, म्हणजे मंजूर शिक्षकपदांच्या, कागदावर साधारण तीस-पस्तीस मुलांमागे एक शिक्षक दिसतो. प्रत्यक्षात निवृत्तांच्या जागा रिकाम्या असल्यामुळे नववीच्या वर्गात साठीच्या घरात मुले बसतात. म्हणजे मुख्याध्यापकांपासून सगळ्यांना जुंपले तरी गट तिसाच्या खाली येत नाही. बरे, गट केले तरी बसवायचे कोठे? सकाळचे सत्र सुटण्याआधीच दुपारची मुले दप्तरे घेऊन जिन्यात उभी असतात. राहिला वेळ. नववी-दहावीला ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा विषय वेळापत्रकात आला, त्याचे पुस्तकही आले. पण दिवाळीनंतर ते तास गणिताच्या सरांकडे गेले आणि पालकसभेत त्याबद्दल आभार मानण्यात आले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, सगळ्या इयत्तांचा हव्यास सोडून फक्त नववी धरावी, आठवड्याला एकच तास घ्यावा, आणि गट अशा माणसाकडे द्यावा ज्याच्या हातात त्या मुलाचे गुण नाहीत.

बाणेरकर

आपण अडचणींची यादी उत्तम केली आहे. शाळेत गेलो की हीच यादी ऐकायला मिळते. माझा मुलगा तिकडे दोन वर्षे शिकला. तेथील त्याच्या मार्गदर्शक बाई भूगोल शिकवत, पण त्याला कोणता मित्र उरला नाही हे त्यांना माझ्याआधी कळले. येथे आल्यावर त्याच्या वर्गशिक्षकांना सहामाहीपर्यंत त्याचे नाव नीट घेता येत नव्हते. मला आकडे नकोत. एक मोठे माणूस मुलाला ओळखते की नाही, इतकेच मी विचारतो आहे.

निवृत्त पर्यवेक्षक

आमच्या काळी ही ओळख असण्यासाठी अमेरिकेला जावे लागत नसे. वर्गशिक्षक मुलाच्या घरी जात, वडिलांची नोकरी सुटली हे त्यांना ठाऊक असे. आता शिक्षक घरी गेला तर पालक विचारतात, ‘तक्रार काय आहे?’ मुले शाळेत शरीराने असतात, मन संध्याकाळच्या क्लासात असते. ज्या पालकांनी शाळेचे महत्त्व स्वतःच संपवले, त्यांनी आता शाळेकडे माया मागावी याची गंमत वाटते.

दोन मुलींची आई

सर, आपल्या काळाबद्दल आदर आहे, पण आपल्या काळातल्याच एका वर्गशिक्षकांनी माझ्या घरची अडचण भर वर्गात सांगून फी माफ करून दिली होती. फी माफ झाली, पण मी त्या वर्षी डबा खायला बाहेर जाणे सोडले. ओळखणे वेगळे आणि जपणे वेगळे.

समुपदेशिका

मी तीन शाळांमध्ये आठवड्यातून एकेक दिवस जाते, त्यामुळे या शेवटच्या मुद्द्यावर थांबते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असे म्हटले आहे. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना अडीचशे मुलांमागे एक समुपदेशक सुचवते. मी दिवसभरात सहा-सात मुलांशी नीट बोलू शकते. उरलेल्यांना आधी कोणीतरी हेरावे लागते आणि ते काम शिक्षकच करू शकतो.

परंतु शिक्षकाने ‘तू मला काहीही सांग, मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे. गटाच्या पहिल्याच तासाला मुलांना स्पष्ट सांगावे की, काही गोष्टी माझ्यापाशी राहतील, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. हे प्रशिक्षण न देता गट वाटून टाकणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला काठावर जीवरक्षक म्हणून उभे करणे होय.

खडूफळा

हे मान्य. पण प्रशिक्षण कोण घेणार आणि कधी? आमच्यातल्या अनेकांकडे मतदारयाद्यांचे काम आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामांतून मुक्त करते आणि त्याच कलमात जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांचा अपवाद ठेवते. त्या अपवादाच्या फटीतून आमचे अर्धे वर्ष निघून जाते.

बाणेरकर

विषय मुलांचा होता, तो मतदारयाद्यांवर गेला. अपेक्षितच होते.

खडूफळा

तो गेला नाही, तो तेथेच आहे. दुपारी उन्हात सोसायटीच्या फाटकावर रखवालदाराला ओळखपत्र दाखवून, ‘साहेब झोपले आहेत’ हे ऐकून परतलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी पंधरा मुलांची मने कशी वाचणार, हे आपण सांगावे. त्या सोसायट्या बहुधा बाणेरकडच्याच असतात.

निवृत्त पर्यवेक्षक

वैयक्तिक होऊ नये. तरीही सांगतो, 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीची कामे सुट्टीच्या दिवशी आणि अध्यापनाच्या वेळेबाहेर द्यावीत असे स्पष्ट केले होते. ती प्रत मी फाइलला लावून ठेवली होती. ज्या वर्षी ती दाखवली, त्या वर्षी माझ्या नावावर आणखी एक काम आले.

बाणेरकर

फाटकावरच्या वागणुकीबद्दल आमच्या सोसायटीपुरते मी बोलेन. शिक्षकांवर अन्याय होतो हे खरे आहे, पण त्या अन्यायाची थकबाकी चौदा वर्षांच्या मुलाकडून का वसूल करायची?

दोन मुलींची आई

आपण दोघे भांडत असताना मी माझ्या मोठीचे सांगते. नववीच्या पहिल्या घटक चाचणीत ती तीन विषयांत आपटली. घरी सांगितले नाही, गुणपत्रकावर सही स्वतःच केली. हे शाळेतल्या प्रयोगशाळा सहायक ताईंच्या लक्षात आले, कारण मधल्या सुट्टीत ती परीक्षानळ्या धुऊ लागण्याच्या निमित्ताने तेथेच बसत असे. ताईंनी तिला आधी नळ्या धुऊ दिल्या, चार-पाच दिवस काहीच विचारले नाही. मग म्हणाल्या, ‘आईला मी सांगू की तू सांगतेस?’ तिने सांगितले. त्या ताई कोणत्याही गटाच्या प्रमुख नव्हत्या. त्याच शाळेच्या व्हरांड्यात तक्रारपेटी आहे. वर्षाअखेरीस उघडली तेव्हा आत चॉकलेटचे कागद आणि पंख्याबद्दलची एक चिठ्ठी निघाली.

समुपदेशिका

मला नेमके हेच म्हणायचे होते. ग्रंथपाल, चित्रकलेचे शिक्षक, क्रीडाशिक्षक, प्रयोगशाळा सहायक यांना गट द्या. माणसे वाढतात, गट विसा-बाविसांवर येतो, आणि मुलाच्या मनात ‘हे माझे पेपर तपासणार’ ही भीती राहत नाही. बसायला ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि मैदान आहेच.

निवृत्त पर्यवेक्षक

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांकडे मुलांची मने सोपवायची? उद्या काही झाले तर खुलासा मुख्याध्यापकांनी द्यायचा.

समुपदेशिका

सर, खुलासा आजही तेच देतात. निदान तेव्हा देण्यासारखे काही हाती असेल.

निवृत्त पर्यवेक्षक

ठीक आहे. लेखी जबाबदारी, समुपदेशकाकडे पाठवण्याची ठरलेली वाट आणि महिन्यातून एक बैठक असेल, तर माझा विरोध नाही. उत्साहही नाही, हेही नोंदवून ठेवावे.

बाणेरकर

म्हणजे रोजची वीस मिनिटे आठवड्याच्या एका तासावर आली, पंधराचे बावीस झाले आणि सहा इयत्तांची एक झाली. याला आपल्याकडे अंमलबजावणी म्हणतात, हे मला उशिरा कळले. पगाराबद्दलचे वाक्य मागे घेतो. पण नववीच का, आठवी का नाही?

खडूफळा

कारण नववीत आमच्याकडे तुकड्या नव्याने पडतात, मित्र तुटतात, अभ्यास एकदम चढतो आणि घरी मात्र ‘दहावीला बघू’ म्हणून दुर्लक्ष होते. दहावीला तर बोलायला कोणालाच फुरसत नसते. 2016 पासून मंडळाने दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली, पण अहवाल हातात आल्यावर त्यावर बोलायला समोर माणूस नव्हता. तो माणूस वर्षभर आधीपासून ओळखीचा असावा लागतो.

शनिवारी परिपाठानंतरचा तास मोकळा करता येईल असे मला वाटते. फक्त आमचे वेळापत्रक करणाऱ्या सरांशी पालकांच्या वतीने आपण बोला. मी दोन वर्षे बोलतो आहे आणि दर जूनमध्ये त्या तासावर गणित लिहिलेले असते.